पिन्नीचं टेकडीवरचं गाव

भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये आमचं क्वार्टर आणि पिन्नीचं क्वार्टर पाठीला पाठ लावून होतं. मागच्या दोन अंगणांच्या मधे कंबरेएवढी भिंत होती आणि माझ्या लहानपणाचा बराचसा काळ त्या भिंतीवर पाय सोडून बसण्यात गेला. पिन्नी म्हणजे तेलुगूत मावशी. तिचं खरं नाव सत्यवती, नवऱ्याचं अप्पाराव. ती दोघं आंध्राच्या किनाऱ्याकडची, आम्ही भंडाऱ्याकडचे. माझ्या आजोबांचा जन्म धानाच्या बांधीत गेला आणि वडील प्लांटात, रोलिंग मिलला लागले. कॉलनीतल्या सगळ्या बायकांना आम्ही मुलं आंटी म्हणायचो, पण हिनं राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला भिंतीपाशी बोलावलं आणि बजावलं, "आंटी नहीं, पिन्नी बोल." तिला मूल नव्हतं. मी तेव्हा चार वर्षांची असेन. त्या एका शब्दापासून सुरू झालेलं तेलुगू पुढच्या आठ वर्षांत माझ्या अंगात असं मुरलं, की मी, म्हणजे कुंदी, झोपेत कोणत्या भाषेत बडबडले यावरून घरात चेष्टा चालायची.

आई आणि पिन्नी एकमेकींशी जी हिंदी बोलत, ती ऐकून हिंदीवाल्या शेजारणी तोंडाला पदर लावत. एकदा आईनं भिंतीवरून सांगितलं, "थोडा सांबार दे दो." आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पिन्नी म्हणाली, आधा घंटा रुको. अर्ध्या तासानं तिनं शेवग्याच्या शेंगा घातलेलं, कढीपत्त्याची फोडणी दिलेलं पातेलंभर सांबार आणून भिंतीवर ठेवलं. आईला भाजीवर भुरभुरायला चार काड्या हव्या होत्या. ती पातेलं उचलून आत आली. बाबा ड्यूटीवरून आले, भातावर ते कालवून दोनदा घेतलं आणि म्हणाले, "मस्त हाय. पण याच्यात सांबार नाई टाकला वाटते." आई इतकी हसली की तिला ठसका लागला. अंबाडीच्या बाबतीत असा घोटाळा कधी झाला नाही. आमची अंबाडीची भाजी आणि त्यांची गोंगुरा एकच पाला आहे हे कळलं त्या दिवसापासून अंबाडीची जुडी कोणाच्याही घरी आली तरी अर्धी भिंतीपलीकडे जायची.

दुपारी बाबा आणि अप्पाराव काका ड्यूटीवर असले की प्लांटाची घरघर सोडून कॉलनीत काही ऐकू यायचं नाही. ती घरघर आम्हाला ऐकू येत नसे असंच म्हटलं पाहिजे. पाहुणे आले की ते विचारायचे, हा आवाज कशाचा, आणि तेव्हा आम्ही कान द्यायचो. अशा दुपारी पिन्नी तांदूळ निवडत बसायची आणि गावाच्या गोष्टी सांगायची. तिचं गाव टेकडीवर होतं, समुद्राला लागून. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिच्या माणसांची मुलंनातवंडं अजून तिथे राहतात. ती स्वतः नाव घ्यायचीच नाही, 'कोंड' म्हणायची, म्हणजे टेकडी. कोंडेवर विणकरांची गल्ली आहे, कोंडेवर गोड पाण्याची विहीर आहे, कोंडेवरून खालच्या होड्या चपलांसारख्या दिसतात. मी समुद्र पाहिला नव्हता. टेकडी म्हणजे मला डोंगरगढ, आणि समुद्र म्हणजे मरोद्याचा तलाव, ज्याचा पलीकडचा काठ मी मनातल्या मनात पुसून टाकायची. "तू जात कावून नाई मंग तुह्या गावाले?" असं मी एकदा मराठीतच विचारलं. पिन्नीनं सुपातला खडा काढून फेकला आणि दुसरा शोधू लागली.

का जात नाही हे मला आईनं सांगितलं, तेही ते पोस्टकार्ड आल्यावर. मी तेव्हा बारा वर्षांची होते. कार्ड पिन्नीच्या शाळेतल्या मैत्रिणीचं होतं. तिनं लिहिलं होतं की तुझी आई अंथरुणाला खिळली आहे, रोज तुझं नाव घेते, तुझ्या भावाला न विचारता हे लिहिते आहे. पिन्नीचं घर टेकडीवरचं, वजनदार लोकांचं. अप्पाराव काका खालच्या कोळीवाड्यातले. तिनं त्यांच्याशी लग्न केलं आणि दोघं इकडे निघून आली, त्याला चौदा वर्षं झाली होती. वडील गेले तेव्हाही भावानं कळवलं नाही. आता काका सोबत गेले असते तर होतं तेही बिघडलं असतं, आणि एकटीनं जायचं धाडस पिन्नीला होत नव्हतं.

"मी जातो तिच्यासंग," आई म्हणाली. बाबा जेवत होते. आईनं आजवर एकीकडे नागपूर आणि दुसरीकडे रायपूर याच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं.

"तू जाशीन?" बाबा म्हणाले. "तुले त्याईची भाषा येते का?"

"कुंदीले येते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. "बरं. माह्यासाठी दोन दिवसाचं लोणचंचटणी करून ठेवजो," एवढंच म्हणाले. माझे वडील असे होते. आज माझी नात मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवते आणि मला विचारते, "आजी, तू तेलुगू कैसे सीख गयी?" तिला भिंत कशी दाखवू? ती भिंत कोणीतरी पुरुषभर उंच करून घेतली आहे.

दुर्गहून रायपूर आणि तिथून टिटलागढच्या बाजूनं डोंगराडोंगरांतून गाडी किनाऱ्याकडे उतरते. आईनं पोळ्या, तिळाची चटणी आणि पाटोड्या बांधून घेतल्या होत्या. पिन्नीनं काही खाल्लं नाही. सकाळी स्टेशनवर उतरून आम्ही बस धरली, आणि एका वळणावर उजव्या हाताची सगळी झाडं संपली आणि तिथे समुद्र होता. मी काठ पुसून केलेला माझा समुद्र त्याच्यापुढे अगदीच बशीतल्या पाण्याएवढा होता. आईनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. घाबरली होती, असं तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

टेकडीच्या पायथ्याशी चहाचं एक दुकान होतं आणि तिथून दगडी पायऱ्या वर जात होत्या. पिन्नी पहिल्या पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली. आई म्हणाली, चल. पिन्नीनं मान हलवली. पुन्हा चल म्हटलं तर तिनं पिशवी छातीशी घट्ट धरली. आई तिच्यासमोर उकिडवी बसली आणि आपल्या त्या हिंदीत म्हणाली, "सत्या, तू इधरच बैठ. हम देखके आते. तेरी माँ कैसी है, वो देखके आते." मग मला म्हणाली, "चाल वं."

दोनशेच्या वर पायऱ्या होत्या. वर पोहोचलो तेव्हा आई धापा टाकत होती. देवळाच्या दाराशी सावलीत एक गृहस्थ बसले होते, पांढरं धोतर, बंद छत्री, पायाशी नीट जोडून ठेवलेल्या चपला. पिन्नीनं मला कधीतरी सांगितलं होतं की तिचा भाऊ सूर्यम शाळेत मास्तर आहे आणि सुटीच्या दिवशी बाहेरून आलेल्या लोकांना गाव दाखवतो, हौसेनं. त्यांनी मान वर केली आणि मला पिन्नीच दिसली. तेच नाक, तीच किंचित पुढे आलेली हनुवटी. "पाहायला आलात?" त्यांनी तेलुगूत विचारलं. मी आईकडे पाहिलं. "हो म्हण," आई म्हणाली. तिनंही ओळखलं होतं.

मास्तर पुढे, आम्ही मागे. त्यांची एक पद्धत होती. ठिकाणापाशी थांबायचं, छत्रीचं टोक जमिनीवर टेकवायचं, आणि मगच बोलायला सुरुवात करायची. गाव पूर्वी खाली होतं, ते सांगत होते, वाळूला लागून. समुद्रातून लुटारू यायचे. म्हणून विणकरांनी माग खांद्यावर घेतले आणि टेकडी चढले. मग लांबच्या देशांतले व्यापारी त्यांच्या कापडासाठी जहाजं घेऊन आले. त्यांच्यातले जे इथल्या तापानं मेले ते इथे आहेत. असं म्हणून त्यांनी आम्हाला एका दफनभूमीत नेलं. दगडी घुमट, त्यावर झिजलेली अक्षरं, आणि एका कोपऱ्यात अगदी लहान, पाटाएवढा दगड. "ही त्यांच्यातल्या कोणाची तरी मुलगी," मास्तर म्हणाले. "नाव वाचता येत नाही. आमच्या बायका दिवाळीला इथेही पणती ठेवतात." मी आईला मराठीत सांगितलं. आई त्या दगडापाशी वाकली आणि त्यावरचा वाळला पाला तिनं हातानं बाजूला केला. मास्तर पाहत होते. त्यानंतर ते जरा सावकाश चालू लागले, आईला दम लागतो आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

विणकरांची गल्ली पाहिली. मागांची खटखट दोन्ही बाजूंनी येत होती, आणि मला एकदम वाटलं की मी बाबांच्या मिलपाशी उभी आहे, फक्त कोणीतरी आवाज खूप बारीक केला आहे. विहिरीपाशी मास्तरांनी एका बाईकडून घागर मागून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. समुद्र एवढा जवळ आणि पाणी गोड. पावसाचं पाणी टेकडीच्या पोटातल्या खडकावर साचून राहतं म्हणून, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, शाळेत घेतात तसं. मला ते आवडायला लागले होते, आणि खाली उन्हात बसलेल्या पिन्नीची आठवण आली की आपण काहीतरी वाईट करतो आहोत असं वाटत होतं.

शेवटी एका लांब ओसरीच्या कौलारू घरापाशी त्यांनी छत्री टेकवली. "हे आमचं घर," ते म्हणाले. "घर म्हणून दाखवत नाही. माझ्या लहानपणी मोठं वादळ आलं. खालचा कोळीवाडा सगळा पाण्यात गेला. ते लोक रात्रभर पायऱ्यांनी वर येत होते. माझ्या वडिलांनी दार उघडलं. बारा दिवस या अंगणात तीनशे माणसं होती. एकाच चुलीवर सगळ्यांचा भात. वडील म्हणाले, जो टेकडी चढून आला तो आपला." हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. हे ते शंभरदा सांगत आले असतील आणि शंभरदा तसाच होत असेल. तेवढ्यात घरातून एका म्हातारीचा बारीक आवाज आला. ती कोणाला तरी पाणी मागत होती.

मी आईला सगळं सांगितलं. आई ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. तो आवाज आल्यावर तिनं पदर खोचला.

"त्याले म्हण कुंदे," ती म्हणाली. "बारा दिवस ज्याईले तुमी जेवू घातलं, त्याईच्यातल्याच एकासंग तुमची बहीण सुखानं नांदून राहिली. तिनं काई चोरी नाई केली. त्याले म्हण, ते खाली पायरीवर बसून हाय सकाळपासून. तिच्या पायात चढाची ताकद हाय, तुमच्या भेवानं बसली हाय. बाप गेला तं तुमी तिले दोन ओळीचं कारड नाई टाकलं. आन हे बी म्हण, तीन-चारशे सालाचा इतिहास तोंडपाठ हाय तुमाले, त्या परक्याच्या पोरीले दिवा लावता, आन घरची पोरगी कशी इसरली? लाज वाटाले पाह्यजे येवढ्या शिकल्या मानसाले."

आई आणखीही बरंच बोलली. तिचा आवाज चढला होता, गल्लीतल्या दोन बाया दारात आल्या होत्या. मी बारा वर्षांची होते, समोर माझ्या शाळेतल्या गुरुजींसारखा माणूस होता. मी म्हणाले, "सत्यवती माझी पिन्नी आहे. ती खाली पहिल्या पायरीवर बसली आहे. तिला अम्मांना भेटायचं आहे."

मास्तरांनी छत्री उचलली, म्हणाले, "दीपस्तंभ राहिला," आणि चालू लागले. आई म्हणाली, "काय म्हणते?" मी सांगितलं. आई माझ्याकडे पाहतच राहिली, पण त्यांच्यामागे जाण्याखेरीज आम्ही दुसरं काय करणार होतो? दीपस्तंभ टेकडीच्या टोकावर होता. मास्तरांनी छत्री टेकवली आणि बोलायला सुरुवात केली, की आधी इथे फक्त बायका कंदील घेऊन उभ्या राहत, ज्यांचे नवरे समुद्रात असत, आणि मग एका वर्षी, असं म्हणून ते थांबले. तिथून सगळ्या पायऱ्या दिसत होत्या. अगदी खाली हिरव्या लुगड्याचा एक ठिपका होता. ते बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत होते. "एका वर्षी," ते पुन्हा म्हणाले, आणि वाक्य तसंच राहिलं.

"तिनं काही खाल्लं आहे?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. कालपासून नाही."

ते गेले. छत्री तिथेच राहिली. आम्ही वरून पाहत होतो. धोतर एका हातानं धरून ते उतरत होते, वाटेत कोणी नमस्कार केला तरी थांबले नाहीत. तिच्यापासून चार-पाच पायऱ्यांवर मात्र थांबले. पिन्नी उठून उभी राहिली. मग दोघंही बसली, ती खाली आणि ते वर. काय बोलली ते कळायला मार्ग नव्हता. आई दीपस्तंभाच्या कट्ट्यावर टेकली. "मी लय बोलली का वं?" तिनं हळूच विचारलं. मी म्हणाले, हो. खाली मास्तर उठले, पिन्नीची पिशवी त्यांनी आपल्या खांद्याला अडकवली, आणि ती दोघं चढू लागली. दर दहा-वीस पायऱ्यांवर थांबत होती.

अम्मांना दिसत कमी होतं. पिन्नी खाटेपाशी बसली तेव्हा त्यांनी तिच्या तोंडावरून, कानांवरून, हातातल्या काकणांवरून हात फिरवला. पिन्नी रडत होती, सूनबाई रडत होती, मास्तर दारात उभे होते, आई एका बाजूला भिंतीला टेकून डोळे पुसत होती. अम्मा रडल्या नाहीत. त्यांना विचारायचं खूप होतं आणि वेळ थोडा होता, असं मला आता वाटतं.

"तिकडे समुद्र आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही, अम्मा."

"मग त्याला झोप कशी येते? समुद्रावरचा मुलगा तो."

पिन्नी म्हणाली, "तिकडे कारखाना आहे, अम्मा. तो दिवसरात्र वाजत असतो. आधी वर्षभर झोप नव्हती. आता त्या आवाजावर झोपतात." अम्मांनी डोळे मिटून मान हलवली, ते पटलं म्हणून. चौदा वर्षांत त्या घरात जावयाचं नाव कोणी काढलं नव्हतं, आणि ही म्हातारी त्याच्या झोपेची काळजी वाहत होती. मी हे आईला सांगितलं तेव्हा मात्र एक शब्दही सोडला नाही.

दोन दिवसांनी आम्ही दोघी परतलो. पिन्नी राहिली. महिन्याभरानं अम्मा गेल्या तेव्हा ती त्यांच्याजवळ होती.

पुढच्या हिवाळ्यात मास्तर भिलाईला आले. आठ दिवस राहिले. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मी तुला माझं गाव दाखवलं. आता तू तुझं दाखव." मी त्यांना सेक्टरचा बाजार, शाळा, बाग आणि प्लांटाच्या गेटापर्यंतचा मोठा रस्ता दाखवला. ते प्रत्येक ठिकाणी विचारत, याआधी इथे काय होतं? मला ठाऊक नव्हतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "गावं होती ना. कुरुद, उतई जशी हायेत तशीच. आपल्यासारख्याच लोकाईच्या धानाच्या बांध्या होत्या." आपण कोणाच्या तरी शेतात राहतो हे मला त्या दिवशी कळलं. पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले, आणि छत्तीसगढ वेगळं राज्य झालं तेव्हा पोरांकडून त्या गावांची यादी करवून घेतली, त्याचं मूळ बहुधा तिथेच असावं.

त्यांच्या मुक्कामात एक गोष्ट आईला खटकत होती. मास्तर बहिणीशी बोलत, माझ्या बाबांशी खाणाखुणांनी बोलत, पण अप्पाराव काकांशी कामापुरतं, तेही दुसरीकडे पाहून. काकाही समोर येणं टाळत. जायच्या आदल्या संध्याकाळी आईनं सगळ्यांना आमच्याकडे जेवायला बोलावलं आणि दोघांची पानं शेजारीशेजारी मांडली.

जेवता जेवता मास्तर मला म्हणाले, "कुंदा, त्या दिवशी ओसरीवर तुझी आई पुष्कळ वेळ बोलत होती. तू तीनच वाक्यं बोललीस. बाकीचं काय होतं?"

"काय म्हणते?" आईनं चुलीपासून विचारलं. मी सांगितलं. आईचा पोळी लाटणारा हात थांबला. तिला वाटत होतं, मी सगळं सांगितलं होतं. "मंग सांग आता," ती म्हणाली. "समदं सांग."

मी सांगितलं. एकाच चुलीवरच्या भाताचं, न टाकलेल्या कार्डाचं, त्या परक्या मुलीच्या पणतीचं, आणि लाज वाटायला पाहिजे तेही. पिन्नी ताटात पाहत होती. आपल्या बायकोसाठी, आपल्यासाठी, कोणी असं भांडलं होतं हे अप्पाराव काकांना ठाऊकच नव्हतं. त्यांचा घास हातातच राहिला होता. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आईला सांग," ते म्हणाले, "शब्द कळले नव्हते, पण बोलणं कळलं होतं. तुम्हाला दीपस्तंभ दाखवायचा नव्हता मला. तोंड लपवायला दुसरी जागा सुचली नाही, म्हणून तिकडे चालत गेलो."

मी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. आईनं तव्यावरची पोळी काढली, मास्तरांच्या पानात वाढली आणि अप्पाराव काकांकडे हात करून मला म्हणाली, "मास्तराले म्हण, पोळीचे दोन भाग करा. अर्धी जवायाले द्या."

हे सांगायची गरज पडली नाही. मास्तरांनी पोळी मोडली, अर्धी अप्पाराव काकांच्या पानात ठेवली, आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहून विचारलं, "इथे झोप लागते ना आता?"